नकाशांची पोथी

आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी देवघराच्या भिंतीत एक फडताळ आहे. वरच्या दोन कप्प्यांत पोथ्या आणि सर्वांत खालच्या कप्प्यात तांबड्या बासनात बांधलेले एक जाड पुस्तक, ही व्यवस्था आमच्या आजीच्या वेळेपासून चालत आली आहे. आजी त्या पुस्तकास 'नकाशांची पोथी' म्हणे. दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या वेळी गुरुचरित्र व शिवलीलामृत यांच्या ओळीत हेही पाटावर मांडले जाई व त्यालाही हळदकुंकू वाहिले जाई. विलायती छापाच्या पुस्तकास हा मान कशाचा, असे एकदा वडिलांनी थट्टेने विचारले. तेव्हा आजी म्हणाली, "सकाळी उठून जिला पाय लावायच्या आधी क्षमा मागता, तिचीच चित्रं आहेत नं ही?" वडील त्यावर काही बोलले नाहीत. ते कुंकू पुठ्ठ्यावरील कातड्यात असे मुरले आहे की आता कशानेही निघणार नाही. पुढे मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तो डाग पाहून नाक मुरडले. पण ती हकीकत ओघाने येईल.

हे पुस्तक आमच्या घरी आणले आमच्या चुलत आजोबांनी. ते मोजणीच्या खात्यात होते. साखळी, झेंडे आणि फळी घेऊन गावोगावच्या शेतांच्या हद्दी मांडीत फिरणे हा त्यांचा व्यवसाय. अकोल्यास कोणा साहेबाची बदली झाली व त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. इतरांनी खुर्च्या, आरसे, काचेची भांडी घेतली. आजोबांनी हे पुस्तक घेतले. ते बैलगाडीतून घरी आले तेव्हाच त्याचे मुखपृष्ठ नाहीसे झालेले होते. त्यामुळे ते कोणी, कोठे व कोणत्या साली छापले हे सांगण्यास त्यात एक अक्षरही नव्हते. नकाशांच्या तळाशी बारीक अक्षरांत कोरणाऱ्याचे व प्रकाशकाचे नाव असते, तेही बांधणाऱ्याने कडा कापताना उडविलेले. म्हणजे आमच्या हाती आले ते एक निनावी जग.

असले नकाशे कसे तयार होत, हे तरुण वाचकांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. आरंभी तांब्याचा व पुढे १८२० नंतर पोलादाचाही गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर कारागीर टोकदार कोरणीने नद्या, डोंगर, किनारे व गावांची नावे कोरी. आणि तीही सगळी उलटी, आरशात दिसावी तशी. पत्र्यास शाई फासून तो पुसला म्हणजे शाई चरांत तेवढी राही. मग ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढीत. त्या दाबाने कागदावर चहूबाजूंनी पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा उमटतो, आणि हलके बोट फिरविले तर शाईच्या रेषा किंचित उंच लागतात. छाप निघे तो केवळ काळा. रंग त्यावर हातांनी भरीत. आणि हे काम बहुतेक कारखान्यांत बायका व मुले करीत. एकीने तांबडी कड ओढावी, दुसरीने पिवळी, अशा क्रमाने कागद पुढे सरके. आमच्या पुस्तकातील आशियाच्या पानावर इराणचा पिवळा रंग ओघळून कास्पियन समुद्रात गेला आहे. हा ओघळ आम्ही लहानपणी खरी नदीच समजत होतो. आता वाटते, त्या दिवशी लंडनात एखाद्या दहा वर्षांच्या पोरीचा हात दमला असेल. दोन प्रती एकाच पत्र्यावरून निघाल्या तरी रंगाने कधी तंतोतंत सारख्या नसतात, त्याचे कारण हे. पुढे दगडावरून रंगीत छपाई करण्याची युक्ती साधल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे हात रिकामे झाले.

पुस्तकाचा काळ शोधून काढणे हा आमच्या मध्यम वयातील मोठा विरंगुळा होता. न्यायशास्त्रात लिंगावरून लिंगीचे अनुमान करतात, धुरावरून अग्नीचे. येथे रंगांवरून सालाचे करावयाचे. यूरोपच्या पानावर बेल्जम हा स्वतंत्र देश आहे. म्हणजे पुस्तक १८३० नंतरचे. इटली मात्र तुकड्यातुकड्यांचीच. म्हणजे १८६१ च्या आधीचे. येथवर सोपे होते. पुढे कित्येक महिने गाडे अडले. एके रात्री उत्तर अमेरिकेचे पान कंदिलापाशी धरून बसलो असता (वीज गेली होती, आणि आमच्याकडे ती जाणे हा नित्याचा प्रकार) मेक्सिको व संयुक्त संस्थाने यांच्यामध्ये एक निराळी हिरवी कड दिसली. ते टेक्सास! १८३६ त मेक्सिकोपासून फुटून ते स्वतंत्र झाले आणि १८४५ त संयुक्त संस्थानांस मिळाले. मधल्या नऊ वर्षांचा तो देश आमच्या फडताळात जसाच्या तसा जिवंत होता. म्हणजे पुस्तक त्या नऊ वर्षांतले, किंवा फार तर थोडे मागाहूनचे. आम्ही त्या भरात सर्वांस हाका मारून उठविले. आमच्या कुटुंबाने डोळे चोळीत पान पाहिले, "बरं झालं सापडलं ते," एवढे म्हटले आणि त्या पुन्हा निजावयास गेल्या.

आफ्रिकेच्या पानाची मौज निराळी. किनारा रेखीव, नावांनी गजबजलेला. आणि आत बहुतेक कोरे. कोरी जागा सोडणे हेही एक शौर्यच होते. फ्रान्समधील दानव्हिल् नावाच्या भूगोलवेत्त्याची कीर्ती, जेथे खात्रीची माहिती नाही तेथे त्याने हत्ती-सिंहांची चित्रे न काढता जागा मोकळी ठेवली, यासाठीच विशेष आहे. हिंदुस्थानचा त्याचा नकाशा १७५२ चा. उलट आमच्या आफ्रिकेवर पश्चिमेकडे एक लांबच लांब डोंगराची ओळ काढलेली आहे, तिचे नाव काँगचे पर्वत. हे पर्वत पृथ्वीवर नाहीत! ते प्रथम नकाशावर आले मंगो पार्क या प्रवाशाच्या वृत्तान्ताबरोबर, १७९८ च्या सुमारास. आणि काढणारा कोणी ऐरागैरा नव्हे, तर ज्याने बंगालची नदी नि नदी मोजून १७७९ च्या सुमारास 'बंगाल ॲटलास' तयार केला तो मेजर जेम्स रेनेल. पुढच्या लोकांनी त्याच्या नावावर विश्वास ठेवून ते उतरून घेतले. बिंझे नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८८८ च्या सुमारास त्या प्रदेशात प्रत्यक्ष जाऊन डोंगर नसल्याचे सांगितले, तोवर सुमारे नव्वद वर्षे ते विद्यार्थ्यांनी पाठ केले. आम्हीही शाळेत पाठ करून घेतलेल्या गोष्टींपैकी किती काँगचे पर्वत निघतील, हा विचार पेन्शनीत मनात येतो.

रेनेलचाच विषय निघाला म्हणून सांगतो. त्याने १७८२ साली हिंदुस्थानचा मोठा नकाशा काढला. त्याच्या एका कोपऱ्यात शीर्षकाभोवती चित्र आहे. ब्रिटानिया देवी उभी असून आपले शास्त्रीपंडित रांगेने येऊन तिच्या हाती पोथ्या देत आहेत. देवीने त्या ग्रंथांस संरक्षण द्यावयाचे, असा त्याचा अर्थ खुद्द रेनेलनेच केला आहे. ते चित्र पाहून प्रथम संताप आला. मग हसू आले. कारण आमच्या घरी व्यवहार नेमका उलटा झाला होता: साहेबाचे पुस्तक लिलावात आले, आणि त्याचे संरक्षण आमच्या निरक्षर आजीने पोथ्यांत बसवून केले.

आता आमच्या हातून घडलेला अपराध सांगितला पाहिजे.

१९८३ साली आम्ही तालुक्यातील एका खेड्यातल्या शाळेवर शिक्षक होतो. वर्गात एक फळा, अर्धी खडू आणि साठ मुले. भिंतीवर नकाशा नाही. मागणी केली होती, तो येत होता. इतिहासात इंग्रज-मराठ्यांचे दुसरे युद्ध आले. या युद्धातील एक मोठी लढाई आमच्याच तालुक्यातील अडगावास झाली, हे आमच्या वाचकांपैकी वऱ्हाडकरांस तरी ठाऊक असेल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे नागपूरकर भोसल्यांची व शिंद्यांची फौज जनरल वेलस्लीशी लढली व हरली. पुढे ज्याने नेपोलियनास वॉटर्लूवर पाडिले तोच हा वेलस्ली. त्यानंतर १५ डिसेंबरास गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरास देवगावचा तह झाला. आमच्या वर्गातील कित्येक मुले अडगावच्या बाजूची. त्यांस ही गोष्ट सांगितली तर ती आपापसांत खिदळू लागली. मास्तर काही तरी फेकतात, असे त्यांस वाटले. त्या बाजारगावात इंग्रजांचा सरदार कशास येतो?

घरच्या पोथीतील हिंदुस्थानच्या पानावर तापीच्या दक्षिणेस 'आर्गाम' असे बारीक अक्षरांत कोरलेले होते. हेच अडगाव. त्या पानावर तेल्हारा नाही. आमच्या बाजारपेठेचा, जिनांचा, वानेच्या काठच्या मळ्यांचा त्या लंडनच्या कोरणाऱ्यास पत्ता नव्हता. अडगावास एके संध्याकाळी हजारो माणसे मेली म्हणून त्याचे नाव समुद्रापलीकडे गेले. मुलांस ते अक्षर डोळ्यांनी दाखवावे या एकाच इच्छेने आम्ही त्या रात्री दाढीच्या पात्याने ते पान शिवणीपासून कापले, पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले व वर्गात टांगले.

मुले रांगेने येऊन भिंग लावून पाहू लागली. कित्येक दिवस तो सोहळा चालला होता. एका मुलाने आपल्या बापास आणून दाखविले. त्या वर्षी इतिहासात कोणी नापास झाले नाही, हे आम्ही अजूनही समर्थनार्थ सांगतो. पण खळ म्हणजे वाळवीस आमंत्रण. दुसऱ्या पावसाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला तो नर्मदेपासून कृष्णेपर्यंतचा प्रदेश वाळवीने खाल्लेला. 'आर्गाम' गेले, पुणे गेले, नागपूरही गेले. वर हिमालय व खाली सिंहलद्वीप एवढे शिल्लक राहिले. ते तुकडे आम्ही वहीत घालून घरी आणले व कोणासही न दाखविता ट्रंकेच्या तळाशी ठेविले.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. भांडण नव्हते, मुले निरनिराळ्या गावी लागली, एवढेच. भांडी, शेत, घराच्या खोल्या झाल्यावर बासनाची पाळी आली. मधल्या बंधूंचा मुलगा मुंबईस असतो. त्याने चौकशी करून आणली होती. अशी पुस्तके कोणी अखंड घेत नाही. बांधणी सोडून एकेक पान चौकटीत घातले म्हणजे दिवाणखान्यात लावण्यास लोक दामदुप्पट किंमत देतात. "काका, पानं एकोणतीस आहेत. तिघांना नऊ-नऊ, आणि दोन उरतात ती मोठ्या काकांना." हिशेब अगदी बरोबर होता, त्यास गणित आम्हीच शिकविले होते.

आम्ही उसळून उठलो. पुस्तक फाडणे म्हणजे काय, त्यात शिवलेली पाने एकाच दिवसाचे जग आहेत, ती विखुरली तर टेक्सासावरून बेल्जमाचे साल कोण पडताळील, असे बरेच बोललो. आमचे वडीलबंधू पानाच्या डब्याशी बसले होते. ते सुपारी कातरीत शांतपणे म्हणाले,

"बापू, पानं तीस होती. पहिलं कोणी कापलं?"

आमची मान खाली गेली. त्यांस हे इतकी वर्षे ठाऊक होते. वडिलांसही होते असे तेव्हाच कळले. दोघांनीही आम्हांस कधी विचारले नव्हते.

अखेर असे ठरले की पुस्तक अखंड आमच्याकडे राहावे आणि त्याबदली अंगणाच्या कडेची दोन खणांची खोली आम्ही मधल्या बंधूंस सोडावी. किमतीच्या दृष्टीने हा मूर्खपणा होता, हे आम्हांस मान्य आहे. ती खोली आमच्या कुटुंबाने थोरल्या सुनेसाठी मनात योजून ठेवली होती. त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जुने बासन फाटले म्हणून नवे शिवून त्यांनी फडताळात ठेविले, तेही न बोलता. आजही दिवाळीस पाहुणे जास्त झाले आणि ओटीवर अंथरुणे घालावी लागली की "पोथीत झोपा म्हणावं सगळ्यांना," असा टोला आम्हांस बसतो.

पेन्शन झाल्यावर एकच ध्यास लागला: ते तिसावे पान मिळविणे. अकोल्याचे व अमरावतीचे रद्दीवाले पालथे घातले. त्यांच्याकडे शाळांतून निघालेले कापडी गुंडाळीचे जॉन्स्टन कंपनीचे नकाशे पुष्कळ. १८९३ चा कॉन्स्टेबलचा हिंदुस्थानचा लहान ॲटलासही एकदा हाती आला. पण हे सारे यंत्राने रंगविलेले. या शोधात डोळा तयार झाला. कागद उजेडासमोर धरावा. जुन्या हातकागदात जाळीच्या समांतर रेषा दिसतात, मागाहूनच्यात दिसत नाहीत. चिंध्यांपासून केलेला कागद दोनशे वर्षांनी पांढरा राहतो आणि लाकडाच्या लगद्याचा पन्नास वर्षांत पिवळा होऊन मोडतो. आमच्या वऱ्हाडच्या कापसाची फाटकी धोतरे लाकडाहून टिकाऊ, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा रंग फार जुन्या नकाशांत कागदच खाऊन टाकतो. पान उलटून पाहिले तर मागे तपकिरी कड दिसते. आणि भिंगाखाली रेषेऐवजी ठिपके दिसले तर ती हल्लीची नक्कल समजावी व मुकाट्याने बाहेर पडावे. जुना काळा नकाशा घेऊन त्यावर काल-परवा रंग चढविलेलेही पुष्कळ भेटतात. रेखांशाचे आकडे पाहण्याचीही सवय लागली. ग्रीनिच सर्वमान्य ठरले ते १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेनंतर. त्यापूर्वी कोणी पॅरिसपासून मोजी, कोणी अटलांटिकातील फेरो बेटापासून. आमच्या ज्योतिषांची रेषा उज्जयिनीवरून जाते. तिच्या मानाने तेल्हारा सुमारे एक अंश पूर्वेस पडतो. म्हणजे आमच्याकडे सूर्य उज्जयिनीहून चार मिनिटे आधी माथ्यावर येतो.

हा छंद साहेबी आहे, असे आमचे एक स्नेही म्हणत. त्यांस उत्तर सापडले ते रामेश्वराहून परतताना तंजावरास. तेथील दुसरे सरफोजीराजे भोसले हे आमच्या माहितीतील पहिले मराठी नकाशासंग्राहक. १७९८ त गादीवर बसले आणि १७९९ त राज्याचा कारभार कंपनीकडे देऊन किल्ल्याच्या आतील सत्तेवर त्यांस समाधान मानावे लागले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्रीच्या देखरेखीखाली ते वाढले. त्यांनी सरस्वती महालात संस्कृत, तमिळ व मराठी हस्तलिखितांच्या जोडीस हजारो युरोपीय ग्रंथ जमविले, त्यांत नकाशे व ॲटलासही. एवढ्यावर न थांबता त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक रचिले. त्यात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, पदांतून जगाचा भूगोल सांगते. ते नाटक १९५० साली छापले गेले. ज्याच्या हाती एक किल्ला उरला त्या राजाने साऱ्या पृथ्वीचे नकाशे मागवावे, हे मनात येऊन त्या दालनात आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

त्याच तंजावरास, त्याच राजांच्या कारकिर्दीत, १८०८ साली एक अपघात घडला. विल्यम लँब्टन हा १८०२ पासून मद्रासेहून आरंभ करून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करीत होता. बृहदीश्वराच्या मंदिरावर त्याचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले व त्याचे वर्तुळ वाकले. लँब्टनने तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत ते स्वतः सरळ केले. पुढे ही मोजणी उत्तरेस सरकत आमच्या विदर्भात आली, आणि २० जानेवारी १८२३ रोजी लँब्टन वर्ध्याजवळ हिंगणघाटास मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याने आरंभिलेली ती ७८ व्या रेखांशाजवळची रेषा वऱ्हाडातून जाऊन अखेर एव्हरेस्टने मसुरीपर्यंत नेली. आमच्या चुलत आजोबांच्या साखळ्या याच मोजणीच्या पायावर पडत. आम्ही हिंगणघाटास गेलो. चार फुले नेली होती, ती वाहिली.

तिसावे पान चार वर्षांपूर्वी मुंबईस सापडले. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ढिगातून आम्ही ते ओळखले. तोच आकार, तीच चौकट, तापीच्या दक्षिणेस तेच 'आर्गाम'. पडताळ्यासाठी पुस्तक बरोबर नेले होते. कुंकवाचा डाग पाहून नाक मुरडणारे ते हेच गृहस्थ. पुस्तकच विकता का, म्हणून त्यांनी आधी विचारले व डागाबद्दल किंमत उतरविली. आम्ही विचारले, "या पानाच्या सोबतची बाकीची पाने?" ते म्हणाले, हिंदुस्थान, अरबस्तान, पवित्र भूमी यांना गिऱ्हाईक असते. आफ्रिका, सैबेरिया कोण लावतो? जी खपली नाहीत ती रद्दीत गेली. पुठ्ठे कधीच टाकून दिले.

आम्ही बाहेर येऊन चहाच्या टपरीशी उभे राहिलो. आपले पुस्तक पुरे व्हावे तर दुसरे एक फाडलेले असलेच पाहिजे. बाजारातील प्रत्येक सुटे पान म्हणजे कोणाचे तरी फुटलेले पुस्तक. न घेतले तर ते पान जोडले जाणार होते असे नाही. घेतले तर तो गृहस्थ उद्या आणखी एक फोडील. चहा निवाला. शेवटी आत जाऊन आम्ही ते घेतले. हे योग्य केले असे आम्ही म्हणत नाही.

घरी येऊन ट्रंकेतील तुकडे प्रथमच उजेडात काढले व शेजारी मांडले. तुकड्यांवर जी कड उरली होती तिच्यावरून आमच्या प्रतीत निजामाचे राज्य हिरवे होते. नव्या पानावर ते पिवळे आहे. कारखाना एक, पत्रा एक, हात निराळा. दोहोंतही वऱ्हाड निजामाच्या कडेच्या आत येते, आणि ते बरोबरच होते. देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. नरनाळा, गाविलगड व लगतचे परगणे तेवढे त्यांच्याकडे राहिले, पुढे तेही निजामाकडे गेले. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडले, १९०२ त कायमच्या पट्ट्याने गेले, १९०३ त मध्यप्रांतास जोडले. मग १९५० त मध्य प्रदेश, १९५६ त द्विभाषिक मुंबई, १९६० त महाराष्ट्र. ज्या ओटीवर बसून हे लिहीत आहोत ती जागची हललेली नाही. रंग तिच्यावर किती चढले ते मोजावयास दोन हातांची बोटे लागतील.

पान आम्ही शिवले नाही. मुंबईस एका जाणत्या बांधणाऱ्याने ते बेमालूम बसवून देण्याची तयारी दाखविली होती, पण ते आपले नव्हे हे कोणास तरी कळले पाहिजे. ते सुटेच, त्याच्या जागी, पातळ कागदात घालून ठेविले आहे. वाळवीचे तुकडेही त्यासोबत आहेत.

गेल्या दसऱ्यास वडीलबंधू नागपूरहून आले होते. त्यांचे वय आता शहात्तर. पूजा झाल्यावर त्यांनी बासन सोडविले व भिंग लावून अडगाव पाहिले. तेथून बोट हळूहळू इकडेतिकडे फिरले.

"आपलं तेल्हारं नाहीच म्हणतोस?"

"नाही, दादा."

"इतकी जागा मोकळी आहे." त्यांनी खिशातून शिसपेन्सिल काढली. "एक ठिपका दिला तर कोणाला समजणार?"

आम्ही पेन्सिल त्यांच्या हातून काढून घेतली. ते हसले, आणि त्यांनीच बासनाची गाठ बांधली.